येऊनराहिलो, एकच शब्द

तारबाबू समोरच्याचे शब्द मोजत. माणूस बोलत असताना त्यांचा उजवा अंगठा त्याच हाताच्या पेरांवरून सरकत राही आणि माणूस थांबला की ते आकडा सांगत. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार सौंसरच्या बाजारात अर्धा तास बोलला. खाली उतरून हात जोडत तारबाबूंपाशी आला आणि म्हणाला, "बाबूजी, कसं वाटलं?"

"हजारापर्यंत मोजलं, मग सोडून देल्लं. कामाचे तीन होते."

"कोणते?"

"मी पुन्हा उभाराहिलो."

"हे तर चार झाले."

"जोडून लिहा," तारबाबू म्हणाले, "तीन होते."

त्यांचे खरे नाव पोस्टाच्या कागदांवर असेल. आम्हा लोकांना तारबाबू एवढेच ठाऊक. सौंसरच्या पोस्टात तारेच्या टेबलावर बसत. कानामागे पेन्सिल, पांढरा सदरा, आणि समोरचा माणूस रडत आलेला असो की पेढे घेऊन, चेहरा तोच. रामाकोन्याकडच्या एका खेड्यात त्यांचा बाप ज्या वावरात राबला, त्याच वावरात माझाही बाप राबला. पण आमच्या घरचे त्यांच्या घरचे पाणी पीत नसत. मी प्यायलो, आणि तेही तारेपायी.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. लोधीखेड्याजवळ संत्र्याचा पहिला बगीचा, फळ झाडावर असतानाच, विकत घेतला होता आणि माल दिल्लीला पाठवला होता. तिथल्या आडत्याने कळवले, निम्मा माल सडका निघाला. माझे डोके लहानपणापासून गरम. मी पोस्टात गेलो आणि त्या आडत्याला पाठवायला कागदभर मजकूर लिहिला. तारबाबूंनी तो शांतपणे वाचला.

"चोर किती वेळा लिहिलं?"

"तीनदा."

"एकदा लिहिलं तर तो चोर नाई होत काय?"

मी काही बोलायच्या आत त्यांची पेन्सिल चालू लागली होती. चोर तिन्ही गेले, आडत्याची आई गेली, मी त्याला दिल्लीला येऊन काय दाखवणार होतो तेही गेले. उरले ते एवढेच : माल परत पाठवा.

"पण मले राग आला हे त्याले कसं समजन?"

"परत मागतला म्हणजे समजते. शिवीलेही शब्दाचाच दर लागते, किसना. तुले परवडते काय?"

आडत्याची उलट तार दुसऱ्या दिवशी आली. भाव वाढवला होता. सडका माल कुणी परत मागत नाही, एवढे त्याला कळत होते. त्या दिवसापासून मी सौद्यात बोलणे कमी केले. समोरचा बोलू लागला की मीही मनात मोजतो. आज पांढुर्ण्यात माझे जे काही आहे ते त्या चार-दोन खोडलेल्या ओळींवर उभे आहे, हे मी कबूल करतो. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला कृतघ्न म्हणू नये, म्हणून आधीच कबूल करून ठेवतो.

त्यांचा सगळ्यात आवडता धडा देवनागरी तारेचा होता. इंग्रजीत जिथे चार शब्द पडत, तिथे देवनागरीत क्रियापद शेपटासकट जोडून लिहिता येई आणि ते एकच धरले जाई. हे हिंदीवाल्यांसाठी केलेले, पण तारबाबूंनी ते आमच्या बोलीला लावले. आम्ही इकडचे लोक 'येतो आहे' म्हणत नाही, 'येऊन राहिलो' म्हणतो. पुण्यामुंबईची माणसे त्याला हसतात. तारबाबू म्हणत, "हसू दे. येऊनराहिलो, एकच शब्द. आपली भाषा तारेसाठीच बनली." बाळंतपणाला गेलेल्या लेकी, नागपूरच्या दवाखान्यातून सुटलेली माणसे, सगळ्यांनी त्यांच्या टेबलावरून हा जोडलेला शब्द घरी पाठवला.

वहिनी म्हणजे त्यांची बायको नेमकी उलट. बोलायला लागल्या की चुलीवरचा चहा आटून जाई. मला पहिल्या दिवसापासून भाऊजी म्हणाल्या. सांगायच्या, "यांनी दिल्लीवरून मले लग्नाचं इचारलं तेव्हा पत्रात तीन शब्द होते, भाऊजी. करतेस काय? कळव. मी चार पानं लिहिले. तर म्हणते, 'होय' कोणत्या पानावर आहे?"

एका विषयावर मात्र तारबाबू मोजत नसत. ऐन तरुणपणी ते सात वर्षे दिल्लीच्या तारघरात होते. त्या शहराबद्दल विचारले की अंगठा थांबे आणि तोंड सुटे. कोणत्या गल्लीत पहाटे नान भाजण्याचा वास येतो, कोणत्या पुलाखाली हिवाळ्यात लोक शेंगा खात उन्हाला बसतात, कोणत्या वळणावर ट्राम वळायची. सौंसरसारख्या गावातून गेलेल्या काळ्या पोराला तिथे कुणी जात विचारली नाही, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. "तिथं मले फक्त इचारलं, एका मिनटात किती शब्द घेतो?" त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक सरदारजी बसत. दोघांत वेगाची शर्यत लागे. निवृत्त झाल्यावर तारबाबूंच्या मनात एकच गोष्ट उरली होती, दिल्ली आणि सरदारजी एकदा पाहायचे.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात मला पुढच्या हंगामाच्या बोलणीसाठी दिल्लीला जायचे होते. मी म्हटले, "बाबू, चला." वहिनींनी दशम्या बांधून दिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, जसे नेऊन राहिले तसे आणून द्या. हे बोलत नाईत, हरवले तर कोणाले इचारणार नाईत." मी म्हटले, "माझ्या जबाबदारीवर." हे शब्द मी दिले होते. दोनच होते. नाकारत नाही.

दिल्लीत पोचल्यावर दोन दिवस तारबाबू मला नुसते चालवत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते झाले. कुणीतरी विसरून गेल्यासारखा बसमध्ये किंवा रस्त्याच्या कडेला एक ट्रान्झिस्टर पडलेला असे. माणूस तो उचली, खटका फिरवी, आणि फुटे. एका ठिकाणी नव्हे, शहरात जागोजाग. आम्हाला ते लॉजच्या दारात कळले, तेही धड नाही. कुणी म्हणे रेडिओ, कुणी म्हणे जेवणाचे डबे, कुणी म्हणे लहान मुलांच्या बाहुल्या. मॅनेजरने स्वतःचा रेडिओ बंद करून टेबलाखाली ठेवला, मग तिथून काढून अंगणात ठेवला, मग अंगणाकडे कुणाला जाऊ देईना. बातमी ऐकायला रेडिओ हवा आणि रेडिओला हात लावायची भीती. माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी होती. जो तो बोलत होता. मी तारबाबूंच्या हाताकडे पाहिले. अंगठा हलत नव्हता.

सकाळी मी म्हटले, बोलणी गेली खड्ड्यात, आज रात्र काढू आणि उद्याची गाडी पकडू. ते म्हणाले, "सरदारले भेटतो." मी ओरडलो. या असल्या दिवशी शहरात हिंडायचे, आणि तेही सरदाराच्या घरी. आदल्या हिवाळ्यात त्या शहरात त्या लोकांचे काय झाले होते ते आम्ही पेपरात वाचले होते. आताही लोक कुणाकडे बोट दाखवत होते ते दिसत होते. तारबाबूंनी माझे सगळे ऐकून घेतले. "शब्द पन्नासच्या वर गेले," म्हणाले आणि चप्पल घातली. त्यांना एकट्याला कसे सोडणार? गेलो.

लोक रस्त्याच्या मधोमध चालत होते, कडेच्या कचऱ्यापासून दूर. एका कोपऱ्यावर बुटाचा रिकामा खोका पडला होता. त्याच्याभोवती मोठे रिंगण धरून माणसे उभी होती आणि कुणी हलत नव्हते. आणि ज्या गल्लीत तारबाबू सात वर्षे राहिले, तिच्या तोंडाशी येऊन त्यांनी एका पोलिसाला त्या गल्लीचा पत्ता विचारला. पोलिसाने ते उभे होते तिथेच बोट दाखवले. मला हसू आले नाही. तारबाबू माणसाला पत्ता विचारतात हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

सरदारजींनी दार उघडायला वेळ लावला. उंच माणूस, पण वाकलेला. दोघे समोरासमोर बसले. मग सरदारजींनी स्टीलच्या पेल्यावर नखाने तारेची टकटक केली. तारबाबूंनी थांबून आपल्या पेल्यावर टकटक केली. बराच वेळ ते तसे चालले. परतताना मी विचारले, "काय बोलले?"

"तो म्हणाला, ऐकू येते काय? मी म्हटलं, येते."

"एवढा वेळ?"

"तेच तेच इचारत होता."

निघताना सरदारजींनी कोनाड्यातून एक ट्रान्झिस्टर काढला. चामड्याच्या पिशवीतला, जुना. म्हणाले, "इसका क्या करूँ, बाबू? रखूँ तो पड़ोसी देखते हैं. फेंकूँ तो पुलिस आएगी." मग म्हणाले, "अब तो हम भी रेडियो हो गए. कोई पास नहीं बैठता."

तारबाबूंनी हात पुढे केला. "दे."

मी त्यांना लॉजपर्यंत आणि लॉजमध्ये रात्रभर समजावले, धमकावले. यमुनेत टाका, नाल्यात टाका. ज्या शहरात रेडिओ फुटून माणसे मेली तिथे दुसऱ्याचा रेडिओ काखेत घेऊन कोण हिंडतो? त्यांचे उत्तर ठरलेले होते. "हातात आहे तोवर रेडिओ. टाकला की बाँब." सौद्यात मी भल्याभल्यांना गार केले आहे. या माणसापुढे माझा एकही भाव चालला नाही.

सकाळी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी दिल्ली गावाकडे निघाल्यासारखी. मी दोघांच्या पिशव्या घेऊन पुढे पळालो आणि डब्यात दोन जागा धरल्या. खिडकीतून पाहिले तर तारबाबू फाटकापाशीच. दोन पोलिसांनी त्यांना बाजूला घेतले होते. ट्रान्झिस्टर दगडी कट्ट्यावर ठेवला होता, भोवतीची माणसे मागे सरकली होती, आणि तारबाबू एकटेच त्याच्याजवळ उभे होते. मी दारात आलो. हाका मारल्या. त्यांनी मला पाहिले. हात वर केला. त्याच वेळी गाडी हलली. ते काहीतरी ओरडले. त्यांना ओरडताना मी जन्मात एकदाच ऐकले ते तेव्हा. गर्दीच्या आवाजात पुढचे काही कळले नाही, शेवटचे कळले : "येऊन राहिलो."

मी आत वळलो. गाडी थांबवायची साखळी हाताच्या अंतरावर होती. तेवढ्यात माझ्या मागे एक बाई किंचाळली, "यह झोला किसका है?" तारबाबूंची पिशवी माझ्या जागेशेजारी एकटी पडली होती. सगळा डबा उठून उभा राहिला. एकजण ती खिडकीतून फेकायला निघाला, दुसरा म्हणाला हात लावू नका, तिसरा म्हणाला ज्याची आहे तो उतरून पळाला, मी पाहिला. मी म्हटले, "मेरा है." "और वह दूसरा?" "वह भी मेरा है." "तो खोल के दिखा." मी पिशवी उघडली. एक सदरा, दशम्यांचे फडके, पेन्सिलींची जुडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. वहिनींसाठी घेतल्या होत्या, मला सांगितले नव्हते. लोक बसले. मी वर पाहिले तोवर स्टेशन मागे पडले होते.

वहिनींनी त्यांना माझ्यावर सोपवले होते. बातमी रेडिओवर सौंसरला पोचलेली असणार. म्हणून दुपारी एका मोठ्या स्टेशनवर गाडी थांबताच मी तारघराकडे धावलो. तिथे आमच्या गाडीतली अर्धी माणसे रांगेत. सगळ्यांना एकच कळवायचे, जिवंत आहोत. मी रांगेत उभ्या उभ्या तारबाबूंच्या शिकवणीप्रमाणे लिहिले : मी सुखरूप बाबू येऊनराहिले.

खिडकीतल्या बाबूने पत्त्यासकट शब्द मोजले आणि म्हणाला, "एक ज़्यादा है."

"बराबर है."

"येऊन एक, राहिले दो."

"जोड़ के लिखा है. एक ही है."

"यह कौन सी भाषा है? पैसा निकालो या शब्द निकालो."

मी सांगायला लागलो. आमच्या तारबाबूंनी वीस वर्षे हा शब्द एकच धरला, सौंसरहून हजारदा गेला. मागचे लोक ढकलत होते. इंजिनाने शिट्टी दिली. खिशात पैसे होते. दोन शब्दांचे काय, दहांचे दिले असते. पण जो एक आहे त्याला दोन म्हणायचे आणि दोनाचे घ्यायचे, हे मला सहन होत नाही, आजही होत नाही. मी पेन घेतला, रागाने 'येऊन' वर रेघ मारली, कागद आत फेकला आणि गाडीकडे पळालो.

पांढुर्ण्याच्या अलीकडचे तिगाव मागे पडले तसा मला जरा धीर आला. पांढुर्ण्याला उतरलो, घरी अंघोळ केली, झोपलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तारबाबूंची पिशवी पोचवायला सौंसरच्या बसमध्ये बसलो. त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी उतरलो तर घरासमोर सतरंज्या अंथरलेल्या. विहारातली माणसे पांढऱ्या कपड्यांत बसलेली. मला आधी कळलेच नाही कोण गेले. मग कुणीतरी माझ्या हातातली पिशवी ओळखली, आणि आतून बायकांचे रडणे उठले.

मी घाबरून म्हणालो, "अहो, बाबू येऊन राहिले."

एका म्हाताऱ्याने मान हलवली. "कशात आणून राहिले, बाप्पा?"

"आणून नाही, येऊन! मागच्या गाडीनं."

"गाडीनंच आणतीन. एवढ्या लांबून दुसरं काय."

मी जितके सांगत होतो तितके ते मला धरून बसवत होते, पाणी देत होते. माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे त्यांना वाटले. शेवटी कुणीतरी तार माझ्या हातात दिली. मी सुखरूप बाबू राहिले. मी ती वाचली आणि मलाही क्षणभर वाटले, बाबू तिथेच राहिले. आपणच लिहिलेले वाचून आपल्याला रडू येते, हे मी अनुभवले आहे.

मी म्हटले, "राहिले म्हणजे जगले. मेलेल्या माणसाले आपण राहिले नाईत म्हणतो. इथं 'नाईत' कुठं आहे?" वहिनी आतून दारात आल्या. हातांत बांगड्या नव्हत्या. म्हणाल्या, "शेठजी, ते कुठं आहेत तेवढं सांगा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला शेठजी म्हटले. आणि ते कुठे आहेत हे मला खरेच माहीत नव्हते. येऊन राहिलो म्हणाले होते एवढेच माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तारबाबू उतरले. काखेत ट्रान्झिस्टर. पोलिसांनी तो उघडून, सेल काढून, पुन्हा घालून, चार तासांनी परत दिला होता आणि चहाही पाजला होता. मी रात्रभर तिथेच बसलो होतो. त्यांनी सतरंज्या पाहिल्या, माणसे पाहिली, भिंतीवरून काढून पाटावर ठेवलेला आपला फोटो पाहिला. वहिनींना पाहिले. वहिनी एवढेच म्हणाल्या, "तार आली." चार पाने लिहिणारी बाई, दोन शब्द बोलली.

"आण."

त्यांनी तार वाचली. कानामागची पेन्सिल काढली, 'बाबू' आणि 'राहिले' यांच्या मध्ये खूण केली आणि वर बारीक अक्षरात लिहिले, येऊन. कागद वहिनींना परत दिला. "एक शब्द पडला होता."

मी उसळलो. "शब्द पडला नाही, बाबू. त्यानं एकाचे दोन मोजले. तुम्हीच सांगा सगळ्यांले, किती शब्द होते?"

सगळी वस्ती ऐकत होती. या माणसाने एक शब्द बोलायचा होता, 'एक'. त्यांचीच शिकवण होती. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "रेघ कोणी मारली?"

हा माझा त्यांच्यावरचा राग. लोकांना वाटते, कंजूषपणा केला म्हणून मला लाज वाटते. लाज नाही, राग आहे. चार वर्षे सौंसरच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगामागून कुणीतरी ओरडे, "शेठ, कोणी राहिले काय?" दोघांशी माझी मारामारी झाली. तारबाबूंनी एकदा बाजारात उभे राहून सांगितले असते, की तार नियमाप्रमाणे होती, तर सगळे मिटले असते. ते बोलले नाहीत. वहिनींनी दिल्लीच्या हिरव्या बांगड्या भरल्या, पण तारबाबूंना पुन्हा सौंसरबाहेर जाऊ दिले नाही. सरदारजींची पत्रे येत, उत्तरे जात, भेट झाली नाही. मी गेलो की ओट्यावर चहा मिळे. शेठजी, साखर बराबर आहे ना. इतकेच. ज्या घराचे पाणी पिण्यासाठी मी माझ्या घरच्यांशी भांडलो होतो, त्या घराच्या ओट्यावरून आत मला कुणी बोलावत नव्हते.

तरी मी जात राहिलो. ओट्यावर बसून सरदारजींचा ट्रान्झिस्टर ऐकत असू. तो फार खरखर करी. मला खरे तर एकच गोष्ट विचारायची असे आणि दर वेळी मी तिच्याऐवजी त्या तारेवरूनच भांडून परत येई. शेवटच्या हिवाळ्यात तारबाबू खूप वाळले होते. अंगावर ब्लँकेट घेऊन उन्हात बसले होते. त्या दिवशी मी विचारले.

"बाबू, गाडी हलली तेव्हा तुम्ही ओरडले. येऊन राहिलो, तेवढं मी ऐकलं. त्याच्या आधी काय म्हणाले होते? 'जा, येऊन राहिलो' म्हणाले, की 'थांब, येऊन राहिलो'?"

त्यांनी रेडिओ बंद केला. त्यांचा अंगठा पेरांवरून एकदा सरकला आणि थांबला.

"कापला असन," म्हणाले. "सवय आहे."

"म्हणजे?"

"तुले काय ऐकू आलं?"

साखळी हाताच्या अंतरावर होती हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. त्यांनी विचारलेही नाही. थोड्या वेळाने त्यांनी नखाने ओट्याच्या फरशीवर टकटक केली आणि माझ्याकडे पाहिले. मला ती भाषा येत नाही. पण एकदा ऐकलेली होती, म्हणून मी म्हटले, "येते." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून उन्हाकडे तोंड केले.

महिन्याभरात पांढुर्ण्याला माझ्या घरी तार आली. बाबू राहिले नाहीत. लिहिणाऱ्याने 'नाहीत' घालायला यावेळी कसूर केली नव्हती. बस सुटायला पाऊण तास होता. मला बसवेना. मी पोस्टात गेलो. बस तारेच्या आधी पोचणार हे मला कळत होते, तरी फॉर्म घेतला, सौंसरचा पत्ता लिहिला आणि खाली लिहिले, येऊनराहिलो. जोडून. खिडकीतल्या बाबूने मोजले. मी खिडकीचा गज घट्ट धरून उभा होतो.

"एक," तो म्हणाला.

सौंसरला पोचलो तेव्हा त्याच सतरंज्या, तीच पांढऱ्या कपड्यांची माणसे. या वेळी पाटावरचा फोटो कुणी परत भिंतीवर लावणार नव्हते. मी ओट्याखाली सतरंजीच्या कडेला बसलो. तासाभराने तारवाला सायकल टेकवून आला. नवा माणूस होता, त्याने पाकीट फोडून मोठ्याने वाचले.

"येऊनराहिलो."

"कोणाची?"

"नाव नाई."

सगळे थांबले. एकाने मान वळवली, मग सगळ्यांनी वळवली, बसच्या रस्त्याकडे. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, त्याही तिकडेच पाहत होत्या. तार मीच केलेली, शब्द वाचवायच्या सवयीने खाली नाव घालायचे विसरलेला मीच. तरी मीही पाहिले. काखेत ट्रान्झिस्टर घेतलेला माणूस त्या वळणावरून येतो की काय, म्हणून पाहिले.

वहिनींनी तार हातात घेतली. उलटसुलट पाहिली, वरचा पांढुर्ण्याचा शिक्का पाहिला. मग ओटा उतरून माझ्यापाशी आल्या आणि तो कागद माझ्या पुढ्यात धरला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "याही बारीले एक शब्द राहिला. घरात चला, पेन्सिल आत आहे."